शालीत ठेवलेला ठराव

अधिवेशनाहून आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "काय मग ताई, अमरावती पाहिली का?" कसली अमरावती आणि कसलं काय! मी पाहिलं ते गाडीतलं घड्याळ. पण दर वेळी पहिल्यापासून सांगून तोंड दुखायला लागलंय, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते. पक्ष कोणता ते विचारू नका. शाली सगळ्या पक्षांत सारख्याच असतात, आणि ही हकिगत शालीचीच आहे.

नाशिक, पहाटे साडेपाच

आम्ही जिल्ह्याचे प्रतिनिधी म्हणून निघालो होतो. गाडी चालवायला मालेगावचे अस्लमभाई. मागच्या सीटवर मी आणि पेठ तालुक्याची सकरूबाई. ती आदल्या दिवशीच एसटीनं येऊन माझ्याकडे मुक्कामाला राहिली होती. चौथे आमचे नाना, ते येवल्याला गाडीत बसणार होते.

सकरूबाईची माझी ओळख चार वर्षांची. नाशिकच्या एका सभेला पेठकडच्या बायका आणायचं काम माझ्याकडे होतं. पिकअपच्या फाळक्यावरून उतरताना तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "बाई, तुझी चप्पल चांगली हाय." मी तिथल्या तिथं हसत सुटले. तिकडं डोंगरात 'अहो-जाहो'ची भानगडच नाही. आमदार असो नाहीतर देव, सगळ्यांना 'तू'. मला ते फार आवडतं. नानांना बिलकुल आवडत नाही.

तिच्या कापडी पिशवीत दोन गोष्टी होत्या. एक नागलीच्या भाकरी आणि खुरासणीच्या चटणीचं गाठोडं, आणि दुसरा एक फुलस्केप कागद. त्या कागदावर सदतीस बायकांच्या सह्या आणि अंगठे होते. मागणी सरळ होती: द्राक्षबागांच्या कामाला डोंगरातून खाली येणारी माणसं पिकअपमध्ये उभी कोंबून आणू नयेत, बसायला जागा असलेल्या गाडीतूनच आणावीत, आणि पक्षानं हे स्वतःचं म्हणणं म्हणून मांडावं. दोन वर्षांपूर्वी घाटात अशीच एक पिकअप उलटली. सकरूबाईची धाकटी बहीण काशी त्यात गेली.

दिवाळीनंतर बायका कामाला उतरायच्या आधी सकरूबाईनं पाड्यापाड्यावर हिंडून हे अंगठे घेतले होते. आता त्या बायका दिंडोरी-निफाडच्या बागांत कुठंकुठं पांगलेल्या. कागद हरवला तर दुसरा करायचा कसा? आणि अधिवेशनाचा नियम कडक: पहिल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत मूळ कागद ठराव समितीच्या हातात पडला पाहिजे. मोबाइलवरचा फोटो चालणार नाही. मागच्या वेळी म्हणे एका बहाद्दरानं स्वतःचीच दहा बोटं उमटवून दहा सभासद उभे केले होते.

"बाई, सहाच्या आत पोचू ना?" घरातून निघतानाच तिनं विचारलं.

"अगं, जेवायला अमरावतीत असू," मी म्हणाले. जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

येवला

नाना आमच्या जिल्ह्यातले जुने कार्यकर्ते. पांढरं कडक इस्त्रीचं, कपाळाला गंध, आणि सत्काराची अशी हौस की बारशाला गेले तरी पाळण्यातल्याला शाल घालून येतील. त्यांच्या घरासमोर सकाळी साडेसातला मांडव! पंधरा-वीस माणसं, हार, पेढे, फोटोवाला. शेजारच्या माडीवरून मागाचा खटखट आवाज येत होता, आणि नानांचं भाषण काही संपत नव्हतं.

सकरूबाईलाही शाल मिळाली. मोरपंखी रंगाची, चेन असलेल्या दुधी प्लास्टिकच्या पाकिटात. आयुष्यातली पहिलीच. गाडीत बसल्यावर तिनं पाकीट मांडीवर घेतलं, पिशवीतला कागद काढला आणि शालीच्या घडीखाली सपाट सरकवून चेन लावली.

"पिशवीत चुरगाळतो. हितं बरा राहील."

मलाही ते पटलं. तिच्याकडं कुणी अंगावर घातलेलं कापड पुढं कुणाला देत नाहीत. लग्नातलं असो, दुःखातलं असो, ते ज्याचं त्याचं. म्हणजे तिच्या हिशेबानं या शालीइतकी सुरक्षित जागा जगात दुसरी नव्हती.

आणि नानांच्या हिशेबानं शाल म्हणजे फिरती वस्तू. इथं मिळाली की पुढच्या गावी दुसऱ्याच्या खांद्यावर. आमच्याकडं एकेक शाल आख्ख्या जिल्ह्याला प्रदक्षिणा घालून मूळ मालकाकडे परत आलेली मी पाहिली आहे. हे मला ठाऊक होतं. सकरूबाईला नव्हतं. तिला सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. चूक माझी.

"नाना, वैजापूरच्या पुढं समृद्धीवर चढू," मी म्हणाले.

"छे छे! वैजापूरला वाट बघतायत, जालन्याला बघतायत, मेहकरला तर जेवण आहे. लोकांचं प्रेम आहे ताई. त्यांना काय टांग मारायची?"

"नाना, तू किती शाली घेणार?" सकरूबाईनं सरळ विचारलं. नानांनी तोंड खिडकीकडं फिरवलं.

जालना, सिंदखेडराजा, मेहकर

वैजापूरला अर्धा तास गेला, जालन्याला पाऊण. दोन्हीकडं तेच: चहा, हार, "दोन शब्द बोला", आणि नाना दोनशे बोलणार. रस्ता मात्र बघण्यासारखा होता. आमच्याकडं निफाडपासून सगळा मांडवच मांडव, द्राक्षांचे. इकडं जालना सोडलं की मोकळं रान, तुरीची शेतं, मधूनच हरभरा. सकरूबाई काचेला नाक लावून बघत होती. "डोंगर कुठं गेले?" असं तिनं दोनदा विचारलं. एवढं सपाट रान तिनं कधी पाहिलंच नव्हतं. सिंदखेडराजाला राजवाड्याच्या दरवाजाशी आम्ही पाच मिनिटं उतरलो. तिनं पायातली चप्पल काढून दगडाला हात लावला. तेव्हाही शालीचं पाकीट तिच्या काखेत होतं.

मेहकरला पोचायला एक वाजला. तिथल्या अध्यक्षांच्या घरी जेवण होतं. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि वर तरंगणारं लालभडक तेल. आमच्याकडचं काळ्या मसाल्याचं तिखट चोरासारखं मागून येतं, हे दारातच थोबाडीत मारतं. जेवायला बसायचं म्हणून सकरूबाईनं पाकीट गाडीच्या सीटवर ठेवलं. अस्लमभाई म्हणाले, मी गाडीतच आहे, म्हणून निर्धास्त.

जेवणानंतर अध्यक्षांनी आम्हाला शाली घातल्या. मग उलट सत्कार नको का? नाना लगबगीनं गाडीकडं गेले, एक पाकीट घेऊन आले, शाल अध्यक्षांच्या खांद्यावर घातली, टाळ्या झाल्या. मी आणि सकरूबाई तेव्हा आत अध्यक्षांच्या बायकोचा निरोप घेत होतो.

परतीचे पन्नास किलोमीटर

मालेगावच्या अलीकडं चहाला थांबलो. हे मालेगाव वाशीमकडचं. अस्लमभाई पाटी बघून म्हणाले, "लो, इतना घूमके फिर अपनेही गाव आले आपण," आणि आम्ही सगळे हसलो. त्या दिवसातलं ते शेवटचं हसू.

सकरूबाईनं मांडीवरच्या पाकिटाची चेन उघडली. आतली शाल चॉकलेटी निघाली.

"बाई, ही माझी नाय."

नाना पुढच्या सीटवरून म्हणाले, "अहो, डिकी उघडत कुठं बसायचं, म्हणून सीटवरची घेतली. तिथं मिळालेली तुमच्यासाठी ठेवली की. बदल्यात चांगली ऊबदार आहे."

"नाना!" मी अशी ओरडले की चहावाल्यानं किटली खाली ठेवली. "त्यात कागद होता!"

नानांचा चेहरा पांढराफटक. सकरूबाई रडली नाही, ओरडली नाही. तिनं चॉकलेटी शाल नीट घडी केली, पाकिटात घातली आणि एवढंच म्हणाली, "मागं फिरव."

अडीच वाजले होते. अध्यक्षांचा फोन लागेना. नाना दर दोन मिनिटांनी फोन लावत होते आणि दर वेळी "लागेल लागेल" म्हणत होते. मी त्यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. सत्काराचं वेड, मिरवायची हौस, पंचवीस वर्षांचं सगळं साठलेलं बाहेर काढलं. माणूस मान खाली घालून ऐकत होता. मला त्यांची कीव येत होती आणि राग कमी होत नव्हता.

मेहकरला अध्यक्षांच्या बायकोनं दार उघडलं. "ती मोरपंखी शाल? ती घेऊन ते शाळेत गेलेत ना. हेडमास्तरांचा निरोप समारंभ आहे."

म्हणजे शाल पुढं निघालीसुद्धा!

शाळेचं पटांगण भरलेलं. व्यासपीठावर हेडमास्तर, आणि त्यांच्या खांद्यावर सकरूबाईची मोरपंखी शाल. कुणीतरी भाषण करत होतं, "सरांनी आम्हाला घडवलं." मी आणि सकरूबाई सरळ पायऱ्या चढून वर गेलो. भाषण थांबलं. मुलं टकामका बघायला लागली.

"सर, माफ करा. या शालीचं पाकीट कुठंय?"

पाकीट! कुणालाच ठाऊक नाही. शिपायानं आठवून आठवून सांगितलं, हारांच्या दोऱ्याबरोबर कचऱ्याच्या डब्यात टाकलं. सकरूबाई व्यासपीठामागं धावली. पत्र्याचा डबा तिनं तिथंच उलटा केला. झेंडूच्या पाकळ्या, कागदी द्रोण, चिवडा, आणि तळाशी प्लास्टिकचं पाकीट. कागद आतच होता. कोपऱ्याला झेंडूचा पिवळा डाग, बाकी जसाच्या तसा. ती मातीत बसली आणि अंगठे मोजायला लागली. सदतीस भरेपर्यंत मीही तिच्याबरोबर मोजत होते.

हेडमास्तर मागं येऊन उभे होते. सगळं ऐकल्यावर खांद्यावरची शाल काढून तिच्यापुढं धरत म्हणाले, "बाई, ही तुमची आहे."

"आता तुझी," ती म्हणाली. "अंगावर घातलेली काढू नको."

त्या माणसाचे डोळे भरून आले. आम्हाला मात्र थांबायला सवड नव्हती. पावणेचार झाले होते.

समृद्धी

आता मात्र नाना स्वतःच म्हणाले, "समृद्धी घ्या अस्लमभाई, दाबा." मीही म्हणाले, "दाबा." रस्ता कसा, घरातल्या फरशीसारखा. काटा शंभरावर गेला, मग एकशेवीस, मग त्याच्याही पुढं. हद्द किती आहे ते पाटीवर लिहिलेलं मी वाचलं आणि वाचलंच नाही असं केलं. घड्याळ चार पन्नास दाखवत होतं, कारंजाचा फाटा अजून यायचा होता, आणि तिथून पुढं साधा रस्ता.

सकरूबाईनं पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली होती. बोटं पांढरी पडली होती.

"गाडी हळू कर."

"बाई, हळू केली तर सहाला पोचणार नाही," मी म्हणाले. "कागदासाठीच चाललंय ना सगळं?"

"हळू कर म्हणते ना!"

"ताई, ऐकू नका," नाना म्हणाले. "दहा मिनिटांचा खेळ आहे."

मग तिचा आवाज चढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "त्या पिकअपवाल्यालाबी दहा मिन्टांचीच घाई होती! बागेवर सात वाजता हजेरी. काशी वरडत होती, हळू कर, हळू कर. तो काय म्हनला? येळंवर पोचवतो. माझ्या मांडीवर मेली ती. मला हितंच उतरव. कागद नाय पोचला तर नाय पोचला!"

ती त्या पिकअपमध्ये होती, हे मला आजवर माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

अस्लमभाईंनी कुणाला न विचारता पाय काढला. काटा ऐंशीवर आला. "बहनजी, आराम से चलते. मी पण लेकरंबाळंवाला माणूस आहे," ते म्हणाले. नाना तोंडावर रुमाल धरून बसले. थोड्या वेळानं सकरूबाईनं गाठोडं सोडलं आणि भाकरीचे तुकडे सगळ्यांच्या हातावर ठेवले. सकाळी "ही काळी भाकरी मला सोसत नाही" म्हणणाऱ्या नानांनी निमूटपणे खाल्ली, आणि चटणी पुन्हा मागून घेतली.

अमरावती

सहा वाजून वीस मिनिटांनी मांडवाच्या दारात. ठराव समितीचं टेबल आवरत आलं होतं. समितीचे सचिव पिशवीचे बंद बांधत म्हणाले, "वेळ संपली. नियम म्हणजे नियम."

मी विनवण्या केल्या, मग आवाज चढवला. काही उपयोग झाला नाही. सकरूबाई कागद दोन्ही हातांत धरून नुसती उभी होती.

तेवढ्यात नाना पुढं आले. इस्त्री पार मोडलेली, गंध पुसलेलं. हातात एक पाकीट. येवल्यात त्यांच्या घरच्या लोकांनी त्यांना घातलेली शाल, जी ते कधीच पुढं फिरवत नाहीत.

"साहेब, नियम आहेच. पण आमच्या जिल्ह्यातर्फे आपला सत्कार राहिला. एवढा तरी घ्या."

सत्काराला नाही म्हणणारा कार्यकर्ता अजून जन्मायचाय. सचिव उभे राहिले, मान वाकवली. शाल चढली, मी फोटो काढला, अस्लमभाईंनी टाळ्या वाजवल्या, आणि नानांनी त्यांच्या हातात हारासारखा तो कागद ठेवला. सचिवांनी कागद पाहिला, पिवळा डाग पाहिला, सकरूबाईकडं पाहिलं. मग खुर्चीत बसले, रजिस्टर उघडलं आणि नोंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिला वडा खाल्ला. उडदाचा वडा, वरून दही आणि चटणी. अमरावतीची म्हणून एवढीच आठवण मी सांगू शकते. दुपारी ठराव आला. व्यासपीठावरून मागणी घाईघाईत वाचली गेली, "मंजूर आहे?" विचारलं गेलं, हजारभर हात वर झाले, टाळ्या झाल्या. पुढचा ठराव सुरू.

"झालं?" सकरूबाईनं विचारलं.

"झालं," मी म्हणाले.

"एवढंच?"

मी तिला मिठी मारली. मला फार आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू.

परत येताना

फोन आला तो जालन्याच्या अलीकडं. माझा मोबाइल गाडीच्या स्पीकरला जोडलेला होता, त्यामुळं सगळ्यांना ऐकू आलं. जिल्हा कार्यालयातून होता.

"ताई, अभिनंदन! पुढच्या आठवड्यात साहेबांची नाशिकला सभा लागलीय. पेठकडच्या बायका तुमच्याकडं. नेहमीसारख्या सात-आठ पिकअप सांगून टाका."

"हो, सांगते," मी म्हणाले.

बघा, असं तोंडातून निघून गेलं. सवयच ती. फोन ठेवला आणि मग माझं मला कळलं, मी काय बोलले ते.

नाना मागं वळले नाहीत. अस्लमभाई समोर बघत राहिले. सकरूबाईनं माझ्याकडं पाहिलं, रागानं नाही, नुसतं पाहिलं, आणि खिडकीबाहेर बघायला लागली. चार वर्षांपूर्वी फाळक्यावरून उतरताना तिनं माझा हात धरला होता, आणि ती पिकअप मीच सांगितली होती.

"अस्लमभाई, गाडी बाजूला घ्या."

मी खाली उतरून फोन लावला. "पिकअप नाही सांगणार. एसटी करून द्या, नाहीतर माझ्याकडून माणसं येणार नाहीत. कालच ठराव झालाय आपला."

"अहो ताई, ठराव आहेच की! पण आता वेळ कुठंय?"

"तर मग नाही," मी म्हणाले आणि फोन ठेवला. पंचवीस वर्षांत कार्यालयाला 'नाही' म्हणायची पहिलीच वेळ. गाडीत बसले तर नानांनी पाण्याची बाटली पुढं केली.

सभेच्या दिवशी माझ्या वाटणीच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. व्यासपीठावरून ते चांगलंच दिसलं. माझ्याकडचं महिला आघाडीचं काम दुसऱ्या बाईंकडं दिल्याचा निरोप त्याच संध्याकाळी आमच्या ग्रुपवर आला. एकट्या नानांनी तेवढा त्या निरोपावर अंगठा दाखवला नाही.

साडेपाच वाजता मांडववाले खुर्च्या एकावर एक रचत होते आणि मी एकटीच रिकाम्या मैदानात उभी होते. तेव्हा फाटकातून सकरूबाई येताना दिसली. मागं अकरा बायका, आपापलं तिकीट काढून एसटीनं आलेल्या. घाटात एसटी दोन तास बंद पडली होती म्हणे. सगळ्यांच्या हातात पिशव्या, तोंडं वाळलेली.

"संपली का गं सभा?" तिनं विचारलं.

"संपली," मी म्हणाले.

तिनं मागं वळून बायका मोजल्या. तसंच, जसे त्या दिवशी मातीत बसून अंगठे मोजले होते.

"असू दे," ती म्हणाली. "सगळ्याजणी पोचलो ना."